जिन्याच्या वळणावरची फुलं

आमच्या लॅबमध्ये नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेते आणि हातात पेन्सिल ठेवते. काचेच्या पट्टीवर पेशंटचा नंबर लिहायचा तो पेन्सिलीनेच. ती पट्टी पुढे चार-पाच वेळा स्पिरिटमधून जाते, आणि पेनाची शाई स्पिरिटमध्ये अशी विरघळते की पट्टी कोरी होऊन बाहेर येते. मग तिच्यावरचा मांसाचा तुकडा कुणाच्या पोटातला आणि कुणाच्या मानेतला, हे कोण सांगणार? पेन्सिलीच्या शिशाला मात्र स्पिरिट काही करू शकत नाही. एकवीस वर्षं मी हे सांगत आले आहे, तेही चढ्या आवाजात. एकाला तर त्यावरून रडवलंय. आणि अशा या माझ्याच हातून माझ्या मुलीचं चित्र स्पिरिटने धुतलं गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

साथ सुरू झाली तेव्हा आमची नेहमीची कामं बंद करून आम्हाला घशाच्या नमुन्यांवर बसवलं. घरी सासूबाई, सत्तरी ओलांडलेल्या, दमा जुना. आणि मिरी, सात वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण लहानखुरी आणि तिखट, म्हणून घरात ती मिरीच. नवरा जहाजावर इंजिन सांभाळतो. त्याचं जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं, त्याला कुणी आत घेत नव्हतं आणि परतही सोडत नव्हतं. रविवारी त्याचा फोन यायचा आणि त्यातला निम्मा वेळ 'ऐकू येतंय का' यातच जायचा. थोडक्यात, घरात धडधाकट मोठं माणूस मी एकटी, आणि घरात रोग आणू शकेल असं माणूसही मी एकटीच. म्हणून मी गच्चीवरच्या खोलीत राहायला गेले.

त्या खोलीत एक लोखंडी कॉट होती, दोन जुन्या बॅगा होत्या, आणि भिंतीपलीकडे पाण्याची टाकी, ती भरली की रेड्यासारखी हुंकारायची. मागच्या गल्लीतून वर यायला एक लोखंडी जिना, तो माझा. घरातून वर येणारा जिना बावीस पायऱ्यांचा, मधे एक वळण. त्या वळणावर सासूबाईंनी एक तिपाई ठेवली. खालच्यांनी डबा तिपाईवर ठेवायचा आणि खाली जायचं. मग मी उतरायचं आणि उचलायचं. माझ्याकडून खाली जाणारी प्रत्येक वस्तू मी स्पिरिटने फवारायची, हा माझा नियम. खरं तर खालून वर येणाऱ्या वस्तूला फवारायची काहीच गरज नव्हती, रोग गेला असता तर वरून खाली गेला असता. पण दिवसभर हाताला लागेल त्या वस्तूवर बाटली दाबायची सवय लागली की हात डोक्याला विचारत नाही. मी डबा फवारायचे, चमचा फवारायचे, एकदा तर सोललेलं केळं फवारलं.

रोज संध्याकाळी सहाला आमची भेट. मी सगळ्यात वरच्या पायरीवर, मिरी सगळ्यात खालच्या, दोघींच्या तोंडाला मास्क. तिच्या मागे सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या, पंचासारख्या. जिना वळणाचा, त्यामुळे कठड्यावरून वाकलं तरच एकमेकींचे डोळे दिसायचे. फोनवर चेहरा बघावा म्हटलं तर चित्र दिसणारा फोन घरात एकच, माझा. सासूबाईंकडे बटणांचा, आणि दुसरा घ्यायचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, मला ऐकू येतं तेवढं बास आहे, लोकांची तोंडं बघून काय करायचंय?

मिरी तक्रारी आणायची. आजी भात चिकट करते. आजी पत्त्यांत लबाडी करते. शाळेच्या बाई फोनवरून पाढे म्हणून घेतात आणि मधेच स्वतःच्या मुलाला ओरडतात. मी हसायचे. पाच-सहा आठवडे झाल्यावर तिने एकदा मधेच विचारलं, तुझा तो वाकडा दात अजून आहे का? मी म्हटलं, आहे की, जाणार कुठे. तिने मान हलवली. मला वाटलं तिचा स्वतःचा दात हलतोय, म्हणून विचारत असेल. आपण हुशार असलो की असे आपलेच अर्थ लावतो.

त्यानंतर दोन दिवसांनी डब्यावर एक घडी घातलेला कागद होता. मी नुकतीच कामावरून आले होते. सलग नऊ तास उभी राहून पायांत गोळे आले होते, कानांच्या मागे मास्कच्या दोऱ्यांनी सोललं होतं, आणि हातात बाटली होती. मी वळणापर्यंत उतरले, कागद उचलला, एका बाजूने फवारला, उलटा करून दुसऱ्या बाजूने फवारला, जसे रोज दीडशे फॉर्म फवारते तसा. मग उघडला. स्केचपेनचे सगळे रंग एकमेकांत उतरले होते आणि कोपऱ्यातून माझ्या पायावर ठिबकत होते. मधे एक गोल उरला होता, त्याच्याभोवती चुण्या-चुण्यांची झालर, लाल, पिवळं, निळं.

खाली खसफस झाली म्हणून मी कठड्यावरून पाहिलं. मिरी नियम मोडून चौथ्या पायरीवर आली होती. मी कागद उघडताना तिला माझ्याकडे बघायचं होतं. तिने सगळं पाहिलं होतं. मी हाक मारेपर्यंत ती गेली.

संध्याकाळी ती आली, पण जिन्याकडे पाठ करून बसली. चूक झाली की माणूस गोड बोलायला लागतो. मीही लागले. मी म्हटलं, मिरे, अगं किती सुंदर फूल काढलं होतंस! माझ्याच हाताने ओलं झालं, पण फूल कळतंय हं. मी ते वाळत घातलंय. फार आवडलं मला तुझं फूल.

मिरी उठली आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सहा वाजता खालच्या पायरीवर कुणीच नव्हतं. सासूबाई कठड्याशी येऊन म्हणाल्या, येत नाही म्हणते. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं की पोरगी जेवते-खाते, अभ्यास करते, पण जिन्याचं नाव काढलं की तोंड शिवून बसते. एकदाच म्हणाली, आईला माझं चित्र नको होतं.

मी जिन्यात उभी राहून मोठ्याने माफी मागितली. एकदा नाही, तीनदा. खालून फक्त भांड्यांचा आवाज आला. मुलांना माफी ऐकू जाते, पण पटत नाही, कारण दिवसभर त्या बिचाऱ्यांनाच आपण मागायला लावत असतो. मला तिच्यापर्यंत उतरून जाता येत नव्हतं, जवळ ओढता येत नव्हतं. माझ्याकडे बावीस पायऱ्या होत्या आणि तोंडावर फडकं होतं. त्या आठवड्यात मला रोगाची भीती वाटली नाही इतकी भीती त्या रिकाम्या पायरीची वाटली. रोज बघत होते मी, माणसं किती पटकन जातात. माझ्यावर रुसलेली असताना मला काही झालं तर या पोरीने आयुष्यभर काय करायचं?

तेव्हा मला सुचलं की फुलाच्या बदल्यात फूल द्यावं. मला चित्रकला येत नाही. शाळेत मी काढलेली गाय बाईंनी वर्गाला दाखवून हा प्राणी ओळखा म्हटलं होतं. पण माझ्याकडे लॅबच्या पेन्सिली होत्या, रद्द झालेल्या फॉर्मांचे पाठकोरे कागद होते, आणि गच्चीत एका फुटक्या टबात सासूबाईंनी पेरलेली कोथिंबीर होती. साथीच्या गडबडीत ती कुणी खुडली नाही, ती वाढली, म्हातारी झाली आणि फुलांवर आली. कोथिंबिरीला फुलं येतात हे मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. त्याआधी ती नेहमी जुडीतच भेटली होती.

पहिलं चित्र काढायला दीड तास लागला. डब्यासोबत ते खाली गेलं, रीतसर फवारून, आणि पेन्सिलीचं असल्यामुळे जसंच्या तसं. दहा मिनिटांत सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, हा झाडू कशाला पाठवलायस? मी म्हटलं, फूल आहे ते. त्या म्हणाल्या, मग खाली तसं लिहीत जा.

दुसऱ्या दिवशी डब्यावर माझंच चित्र परत आलं. कोपऱ्यात पेन्सिलीने, शाळेच्या बाई काढतात तसा गोल काढून लिहिलं होतं, '१० पैकी ४. देठ जाड आहे.'

मी तिथेच वळणावर बसले. आधी हसले, मग रडले, मग मास्क ओला झाला म्हणून स्वतःला चार शिव्या घातल्या. चार तर चार. नापासाचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. देठ खरंच जाड होता.

मग ते रोजचंच झालं. कामावरून आले, अंघोळ केली की मी टबासमोर पाटावर बसायचे. माझ्याकडे एक जुनं भिंग आहे, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. त्यातून बघितलं तेव्हा कळलं की कोथिंबिरीच्या तुऱ्यातलं कडेचं प्रत्येक बारकं फूल लंगडं असतं. तुऱ्याच्या आतल्या बाजूच्या पाकळ्या आखूड आणि बाहेरच्या बाजूच्या लांब. मी आधी सगळ्या सारख्या काढत होते, कारण पाकळ्या सारख्या असतात असं मला न बघताच माहीत होतं. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारी बाई मी. लॅबमध्ये जे दिसतं तेच लिहा म्हणून पोरांच्या डोक्यावर बसते, आणि इथे डोळ्यांसमोरचं सोडून मनातलं काढत होते.

पांढरं फूल काळ्या पेन्सिलीने कसं काढायचं हा दुसरा घोळ. चार दिवस मी पाकळ्यांवर रेघा मारत बसले आणि फूल धुरकटलेलं दिसायचं. पाचव्या दिवशी चिडून मी पाकळ्यांना हातच लावला नाही. मागची भिंत, टबाची कड, पानांच्या मधली सावली एवढंच काळं करत गेले. मग पाहिलं तर फूल आपोआप मधे उभं होतं, पांढरं स्वच्छ. मला इतका आनंद झाला की टाकीच्या बाजूने एक चक्कर मारून आले. सांगायला कुणी नव्हतं म्हणून टाकीला सांगितलं.

त्या चित्राला सात मिळाले. शेरा होता, 'छान. पण नाव लिही.' मी माझं नाव लिहायला गेले आणि मग 'आई' एवढंच लिहिलं.

कोथिंबीर संपल्यावर गच्चीच्या भेगेतलं गवत काढलं. गवतालाही फूल असतं, त्याला लोक तण म्हणतात एवढंच. सासूबाईंच्या टोपलीतल्या कांद्याला कोंब आला होता, तो त्यांनी वर पाठवला. मी तो डब्यात लावला आणि रोज थोडा-थोडा काढत गेले. मुळ्याचं फूल काढलं. शेजारच्या कुंपणावरून गच्चीत उडून आलेली, सुकून कागद झालेली एक लाल पाकळी काढली. हात बसत चालला. नऊ तास नळ्या मोजून, नावं लिहून, कुणाचा निकाल काय आला हे बघून डोकं बधिर व्हायचं, पण पेन्सिल टेकली की एक तास मी कुणाच्याही घशाचा विचार करायचे नाही. मिरी सहा द्यायची, पाच द्यायची, एकदा साडेसात. सासूबाई म्हणाल्या, अगं, ती तुझी चित्रं खोक्यात तारीखवार ठेवते, मला हात लावू देत नाही. मग जिन्यावर का येत नाही? मी विचारलं. ते तिलाच माहीत, त्या म्हणाल्या. तुझ्यावर गेलीय, रुसली की गाठ मारून ठेवते.

दीड महिना असा गेला. रोज मार्क यायचे, पोरगी यायची नाही.

मग एका मंगळवारी, वॉर्डातून नमुन्यांची पेटी घेऊन येणाऱ्या आमच्या मावशी दिसल्या नाहीत. पंधरा वर्षं त्या पेटी आणून ठेवताना 'घ्या बाई, आजचा बाजार' म्हणायच्या. गुरुवारी त्यांच्या नावाची नळी माझ्यासमोर आली. मी नाव दोनदा वाचलं. निकाल काय आला हे सांगायला नको. त्यांना वरच्या मजल्यावर दाखल केलं, आणि पेटी कुणी दुसरंच आणायला लागलं, न बोलता. मावशी पुढे महिनाभराने बऱ्या झाल्या, पण त्या दिवशी ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी जे फूल काढलं त्याला तीन मिळाले. 'घाई केली.' केलीच होती.

त्या रात्री मी नीट झोपले नाही. सकाळी उठून पुन्हा एक फूल काढलं, मन लावून, आणि मागे लिहिलं, 'मिरे, मी कितीही काढलं तरी तुझ्या त्या पहिल्या फुलासारखं मला जमत नाही. ते सगळ्यात सुंदर होतं. ये ना जिन्यावर.'

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते बोलण्याबद्दल. मी ते लिहून केलं. त्या चित्राला मार्क आले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्यालाही नाहीत. तिसऱ्या दिवशी डब्यावर कागदच नव्हता. मी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, बघते मी, तू आता जास्त काही लिहू नकोस.

चौथ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी त्यांचा फोन आला. एरवी त्या फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की फोनची गरजच नसते. त्या दिवशी हळू बोलत होत्या.

"झोपलीय ती. म्हणून आत्ता करते. मघाशी केस विंचरताना बोलली. अगं, ते फूल नव्हतं."

"मग काय होतं?"

"तू होतीस."

त्याच पुढे बोलल्या.

"ती म्हणते, मला आईचं तोंड आठवेनासं झालंय. डोळे आठवतात, खालचं येत नाही. म्हणून सगळं विसरायच्या आत काढून ठेवलं. बरोबर आलंय का, ते तुला विचारायचं होतं तिला. मला दाखवलंसुद्धा नाही, मी चष्म्याशिवाय काहीही बोलते म्हणाली. आणि तू म्हणालीस, फूल छान आहे."

मी फोन कधी ठेवला ते आठवत नाही. भिंतीवर माझा फोटो आहे, पण तो लग्नातला. त्यातल्या रंगवलेल्या बाईला मिरी पहिल्यापासून 'ती दुसरी' म्हणते. बाकीचे फोटो सगळे माझ्या फोनमध्ये, माझ्याबरोबर वर. माझ्या लेकीकडे माझे फक्त डोळे उरले होते, तेही बावीस पायऱ्यांवरून. आणि मी तिला दीड महिना कोथिंबीर पाठवत होते.

तो कागद मी बॅगेखाली दाबून ठेवला होता. काढला आणि खिडकीशी धरला. या वेळी घाई केली नाही. चुण्यांची झालर म्हणजे पाकळ्या नव्हत्या, ती माझी लॅबची टोपी होती. सकाळी हॉस्पिटलची गाडी यायची तेव्हा मिरी खिडकीतून बघायची, माझ्या डोक्यावर ती टोपी असायची. मधले दोन निळे डाग मी किडे समजले होते. ते डोळे. खाली लाल पसरलं होतं, त्यात एका बाजूला पांढरी फट सोडलेली, तिरकी. तो दात. तिने मला विचारून, खात्री करून मग काढला होता तो. मी कॉटवर बसले आणि तोंडावर उशी दाबून रडले, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. एवढं रडू मला त्या सगळ्या महिन्यांत कधी आलं नव्हतं.

संध्याकाळी मी फूल काढलं नाही. एक कागद घेतला आणि लिहिलं, 'मिरी, मी न बघताच फवारलं. आणि न बघताच फूल म्हटलं. दोन्ही चुका माझ्या. तो दात बरोबर आहे. पुन्हा काढशील का? मी समोर बसते.'

हे पाठवल्यावर मला रात्रभर जेवढ्या शंका यायच्या तेवढ्या आल्या. सकाळी डब्यावर उत्तर होतं, दोन शब्दांचं. 'मास्क असतो.'

मी सासूबाईंना फोन केला. सगळं मोजून सांगितलं. माझी तपासणी परवाच झालीय, निकाल चांगला आहे. रविवारी सकाळी, उघड्या गच्चीत, वारा असताना. मी टाकीपाशी बसेन, ती जिन्याच्या दारात, मधे दहा हात. तुम्ही नको म्हणालात तर नाही. सासूबाईंनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणाल्या, दहा नको, बारा हात ठेव, आणि मी मागे बसते, ती पुढे पळाली तर वेणी धरायला. मग म्हणाल्या, तोंड धुऊन बस गं. चार महिन्यांचा कंटाळा दिसतो तुझ्या डोळ्यांतसुद्धा.

रविवारी मी सहालाच उठले. तोंड तीनदा धुतलं. आरशात बघितलं तर नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालांवर मास्कच्या रेघा उठल्या होत्या, जड पिशवीच्या बंदांच्या हातावर उठतात तशा. चोळून पाहिल्या, तेल लावून पाहिलं. त्या गेल्या नाहीत.

आधी सासूबाईंची खुर्ची आली, मग सासूबाई, धापा टाकत. मग मिरी. चार बोटं तरी उंच झाली होती. बगलेत पाटी, पाटीवर कागद लावलेला, हातात दोन पेन्सिली, दोन्हीला टोक केलेलं. ती माझ्याकडे न बघता दारात मांडी घालून बसली, कागद नीट केला, आणि मग म्हणाली, "आता काढ."

मी मास्क काढला.

ती नुसती बघत राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं होतं ती हसेल किंवा पळत येईल, आणि सासूबाईंचा हात वेणीच्या जवळ तयारच होता. पण ती हलली नाही. कपाळापासून सुरुवात करून ती माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली उतरत गेली, आणि हनुवटीपाशी आल्यावर पुन्हा वर गेली. तपासून बघत होती. मग तिने पेन्सिल टेकवली. सासूबाई तिच्या खांद्यावरून डोकवायला लागल्या, तर तिने कोपराने त्यांना मागे सारलं.

"हलू नकोस," ती मला म्हणाली. "हसू पण नकोस. दात दिसतील तेवढंच."

मी दात दिसतील तेवढं तोंड उघडून बसले. माशी आली तरी हलले नाही. टाकी भरून हुंकारायला लागली तरी मिरीने मान वर केली नाही. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती, लक्ष लागलं की तिची येते तशी. मीही विसरलेच होते ते. मला दिसत होतं तेवढं मी बघून घेत होते.

मधेच तिचा हात थांबला. "गालावर त्या रेघा कसल्या?"

"मास्कच्या."

"दुखतात?"

"थोड्या."

"जातील?"

"जातील. बरेच दिवस लागतील."

ती विचारात पडली. मी म्हटलं, नको काढूस त्या, तशाही जायच्याच आहेत. तिने मान हलवली, मूर्खाला समजावताना हलवतात तशी.

"आज आहेत ना. मग काढायच्या."

तिने त्या काढल्या. एक डावी, एक उजवी, प्रत्येक रेघ जिथे संपते तिथपर्यंत नजर नेऊन. तेवढ्यात माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात उचलला असता तर हलले असते, म्हणून मी उचलला नाही. ते त्या रेघांवरूनच खाली उतरत गेलं, आणि मी तोंड उघडं ठेवून तशीच बसले.

मिरीने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज लहान झाला.

"आई, रडू नकोस ना. पाणी कसं काढतात ते मला येत नाही."

माझं तोंड काढायचं अजून राहिलं होतं, म्हणून मी ओठ न हलवता म्हटलं, "मलाही येत नाही गं."